मुंडी काढलेले बोंबील

मुंडी काढलेले सुके बोंबील वत्सलाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, बोईसरच्या बाजारात, एका शनिवारी सकाळी. जमनाच्या पाटीत नेहमी जुड्या बांधून ठेवलेल्या असत. त्या दिवशी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि पिशव्यांत एकसारख्या लांबीचे, कंपासपेटीतल्या पेन्सिलींसारखे बोंबील. पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर धरून चिकटवली होती. वत्सलाने एक पिशवी उचलली आणि तिला काहीतरी खटकलं. काय खटकलं ते लगेच कळेना. मागून येणारी बाई तिला वळसा घालून पुढे गेली, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी ती पिशवी धरून तिथेच उभी राहिली.

"काय गो मास्तरीणबाय, बोंबील कदी बगितला नाय काय?" जमना म्हणाली. दोघी किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या, एकाच आळीतल्या. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. वत्सला पुढे शिकत गेली, पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली, लग्न होऊन बोईसरला राहायला आली. जमना आईची पाटी घेऊन त्याच बोईसरला बसू लागली.

"मुंड्या कुठं गेल्या गो?"

"मांजरीनी खाल्ल्या." जमना हसली. मग तिने सांगितलं की कॉलनीतल्या बायका मुंडी बघितली की नाक मुरडतात. "बोलतात, तो आमच्याकडं बगतो. मून काढूनच टाकली. आता बगायला कोन नाय."

"ओले असताना काढल्यास की सुकल्यावर?"

"ओले. सुकल्यावर काढाय गेलं तर अर्धा बोंबील मुंडीसंगं जातो."

"मग वलांडीवर राहिले कसे?"

"राहतील कशानी? तोंडच नाय त्याला. खाली टाकले, ताडपत्रीवर." जमनाचा आवाज जरा उतरला. "वाळू लागली हाय थोडी. दोघीजनींनी परत आनून टाकले, दातात कचकच येते बोलतात. तू दोनदा धू."

वत्सलाने पिशवी घेतली, पैसे दिले, जमनाने आणखी काही विचारलं त्याला हो म्हटलं, आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. एसटीडी बूथ तिकडे होता. तिथून तिला मुंबईला फोन करायचा होता आणि फोनवर एकच शब्द बोलायचा होता: पाठवा. डॉक्टर सबनीस, तिचे मार्गदर्शक, दुपारपर्यंत प्रयोगशाळेत थांबणार होते. तिच्या तीन वर्षांच्या कामाचा शोधनिबंध टाइप होऊन, आकृत्या चिकटवून, परदेशी पाठवायच्या पाकिटात बसला होता. दोघांची नावं त्यावर होती, तिचं आधी. शेवटचा खर्डा ती काल घरी वाचायला घेऊन आली होती. वाचून झाला होता. एक स्वल्पविराम सोडला तर बदलायला काही नव्हतं. पण आता चालताना तिच्या लक्षात आलं की आपण वाट चुकलोय. भाजीच्या गल्लीतून बाहेर पडायचं ते सोडून आपण भांड्यांच्या दुकानांपाशी आलोय, आणि डोक्यात जमनाचं एकच वाक्य फिरतंय. तोंडच नाय त्याला.

वलांडी म्हणजे रोवलेले बांबू आणि त्यांच्यामधून ताणलेले आडवे दोर. घिवलीच्या किनाऱ्यावर दिवाळीनंतर असे दोर ओळीने लागत, आणि लहानपणी शाळेतून आल्यावर वत्सलाचं काम तिथेच असे. ओला बोंबील हातात राहत नाही. तो मासा कमी आणि पाणी जास्त. त्याला गाठ मारता येत नाही, टोचून अडकवावा तर आपल्याच वजनाने फाटतो. धरायला त्याच्याकडे एकच जागा आहे, ती म्हणजे तोंड. जबडा रुंद, दात सुईसारखे आणि आत वळलेले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. ना दोरी, ना खिळा. दिवसभर वारा खात ते झुलत राहतात आणि पडत नाहीत. हे काम मासा ओला असतानाच होतं. सुकला की जबडा उघडत नाही. आय एका हाताने दोन मासे उचलून न बघता जोडी करत असे. वत्सलाला दोन्ही हात लागत आणि बोटांना बारीक बारीक दात टोचत. ती बोटं संध्याकाळी मिठाच्या पाण्यात झोंबत. तिला आता भांड्यांच्या दुकानासमोर, उन्हात, ती झोंब जशीच्या तशी आठवली, उजव्या अंगठ्याच्या पेरापाशी, आणि त्याच क्षणी तिला बावन्न दिसलं.

बावन्न हे एका प्रथिनाचं नाव होतं. खरं तर नाव नव्हे, वजन. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला बावन्नच म्हणत आणि तीही घरी नवऱ्याशी, कमलाकांतशी बोलताना, आज बावन्न असं वागलं, तसं वागलं, असं एखाद्या नणंदेबद्दल बोलावं तसं बोलायची. बावन्नच्या कुळातल्या प्रथिनांचं काम निरोप्याचं. पेशीच्या बाहेरून आलेला निरोप, बहुतेक वेळा "वाढा" एवढाच, पेशीच्या आत पोचवायचा. त्यासाठी त्यांना पेशीच्या पटलाला आतून चिकटून बसावं लागतं, कारण निरोप येतो तो त्या दारातून. पटल चरबीचं, दुपदरी. प्रथिन पाण्यात रमणारं. त्याने चरबीला धरून राहावं कसं? तर पेशी त्याच्या अंगाला चरबीचीच एक साखळी जोडून देते. ती साखळी पटलात घुसते आणि प्रथिन तिथे लटकून राहतं. या कुळात जी साखळी लागते ती चौदा कर्बांची, मिरिस्टिक आम्लाची, म्हणजे जायफळात असते ती, खोबरेलातही असते ती. थंडीत बाटलीत गोठणाऱ्या खोबरेलाकडे बघून वत्सलाला प्रयोगशाळा आठवे. आणि कुळातलं हे एकटं बावन्न पटलाला चिकटत नव्हतं. पेशी फोडून ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पटलं तळाशी चकतीसारखी बसतात आणि वर द्रव राहतो. बावन्न प्रत्येक वेळी वरच्या द्रवात सापडायचं. तीन वर्षं. निरोपही पोचवत नव्हतं, पेशी ढिम्म. पाकिटातल्या निबंधाचं म्हणणं तेच होतं: बावन्न आपल्या कुळासारखं नाही, ते मोकळं फिरतं, त्याचं काम निरोप्याचं नसावं. म्हणणं नवीन होतं, धाडसाचं होतं, आणि सबनीसांना ते फार आवडलं होतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, आणि चरबी जोडली जाते ती तिच्या पुढच्या टोकाला. अगदी टोकाला. तिथे ग्लायसिन लागतं आणि ते मोकळं लागतं. वत्सलाला बावन्नची सुरुवात पाढ्यासारखी पाठ होती: मेथिओनिन, ग्लायसिन, सिस्टीन. पहिलं मेथिओनिन पेशी स्वतःच छाटते, ग्लायसिन उघडं पडतं, आणि धागा अजून विणला जात असतानाच, पुढचं टोक नुकतंच बाहेर आलेलं असतानाच, चरबी तिथे बसते. ओलं असतानाच, असं तिच्या मनात आलं आणि ती मोठ्याने हसली. स्टीलचे डबे पुसणारा दुकानदार वर बघून म्हणाला, या ना ताई, आत या. ती मान हलवून पुढे निघाली. पाय आपोआप वेगाने पडायला लागले होते. हे सगळं तिला ठाऊक होतं. हे तिने सेमिनारमध्ये फळ्यावर काढून दाखवलं होतं, रंगीत खडूने, चरबी पिवळी. मग दिसलं कसं नाही? कारण ग्लायसिन होतंच तिथे, कागदावर होतं, कोणीही बघावं. फक्त त्याच्या पुढे आठ मणी होते. ते तिने बांधले होते.

ते आठ मणी म्हणजे ओळखीची खूण. सुरुवातीला बावन्न शोधायला सशाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं होती, पण ती गढूळ होती; ज्या फिल्मवर प्रथिनाची एकच काळी रेघ उमटायला हवी तिच्यावर सगळीकडे डाग. तेव्हा सबनीसांनी सुचवलं की प्रथिनालाच एक छोटी खूण जोडू, तिला ओळखणारी स्वच्छ प्रतिपिंडं विकत मिळतात. चहाचा कप बशीत ठेवत त्यांनी विचारलं होतं, पुढे लावायची की मागे? आणि तिने क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं होतं, पुढे. त्यांना पुढे काय आणि मागे काय सारखंच होतं. तिला सारखं नव्हतं. घिवलीत होडीची खूण होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर असते. प्रत्येक घराचा रंग वेगळा, पट्टे वेगळे. संध्याकाळी लांबून होड्या येऊ लागल्या की बायका नाळ बघून सांगत, आमची आली, तुमची मागं हाय. मागच्या बाजूला कुणी खूण केली तर ती दिसेपर्यंत होडी किनाऱ्याला लागलेली असणार. आपली वस्तू तोंडावरून ओळखायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या डोळ्यांतच होतं. तिने बावन्नच्या नाळेवर पट्टे काढले आणि लांबून ते ओळखू आलं, प्रत्येक फिल्मवर, स्वच्छ, काळंभोर, एकही डाग नाही. आणि त्याच पट्ट्यांनी त्याचं तोंड बंद झालं होतं.

बूथपाशी रांग होती. काचेच्या खोक्यात एक कामगार रिसीव्हर कानाला गच्च धरून घरी सांगत होता, "नहीं नहीं, इधर ठंड नहीं पड़ती, समुंदर है ना पास में," आणि समुद्र कसा असतो ते पलीकडच्याला समजावत होता. बाहेर आणखी दोघं होते. वत्सला त्यांच्यामागे उभी राहिली. कान तापले होते. सुक्या बोंबलांची पिशवी ती एकसारखी या हातातून त्या हातात घेत होती. घाई करू नकोस, असं तिने स्वतःला बजावलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला बाजारात एक उपमा सुचली, एवढंच झालंय. उपमा म्हणजे पुरावा नव्हे. मग तिने मनातच उलटतपासणी सुरू केली. तुलनेसाठी कुळातलं दुसरं प्रथिन घेतलं होतं, ते तर दर वेळी तळाच्या चकतीत नीट सापडत होतं. म्हणजे पेशी ठीक, चरबी जोडणारी यंत्रणा ठीक, सेंट्रिफ्यूज ठीक. याच्याच आधारावर त्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष बावन्नचाच. पण त्या दुसऱ्या प्रथिनाला खूण नव्हती. त्याची प्रतिपिंडं आधीपासून चांगली होती, खुणेची गरजच पडली नाही. दोघांची तुलना केली ती एकाचं तोंड मोकळं आणि एकाचं शिवलेलं ठेवून. आणि तरीही तिच्यात आनंदासारखं काहीतरी वर उसळलं. मग तिला पहिली फिल्म आठवली. गढूळ प्रतिपिंडांची, खुणेच्या आधीची. डागांच्या गर्दीत तळाच्या चकतीच्या रकान्यात, बरोबर बावन्नच्या जागी, एक फिकी सावली होती. तिने ती सबनीसांना दाखवलीही होती. घाण आहे, असं दोघांनी ठरवलं होतं. आता डोळे मिटले की ती सावली दिसत होती, कडा जरा वर वळलेल्या, ओठांसारख्या. तू तिथेच होतास, असं तिने बावन्नला मनात म्हटलं. नणंदेचा आता दीर झाला होता, आणि तिला ते लक्षातही आलं नाही.

आणि सिस्टीन. तिसऱ्या जागी सिस्टीन. हे सुचलं तेव्हा पुढचा माणूस खोक्यात शिरला होता आणि रांगेत आता ती पहिली होती. एका चरबीची पकड सैल असते. नुसत्या त्या चौदा कर्बांवर प्रथिन पटलाला टेकतं, सुटतं, पुन्हा टेकतं. टिकून राहायला दुसरी पकड लागते, जशी बोंबलालाही जोडी लागते. सिस्टीनवर आणखी एक चरबी बसू शकते, जास्त लांबीची, आणि ती पेशीला हवी तेव्हा काढता येते, पुन्हा लावता येते. म्हणजे बावन्न दोन चरब्यांनी बसत असेल; पहिली कायमची, दुसरी सुटणारी. दुसरी सुटली की ते दारापासून ढळत असेल, लागली की परत येत असेल, आणि निरोप कधी पोचायचा आणि कधी नाही हे त्या सुटण्या-लागण्यावर ठरत असेल. असेल. तिला काहीच माहीत नव्हतं. पण सकाळी घरातून निघाली तेव्हा तिच्यापुढे एक संपलेलं काम होतं आणि आता काम दिसत होतं ते सुरू व्हायचं होतं. इतकं लांबपर्यंत तिला कधीच काही दिसलं नव्हतं. तिला वाटलं, रस्त्यावरच्या कुणालातरी धरून सांगावं. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, चरकाची घुंगरं वाजत होती, आणि रांगेत उभ्या उभ्या तिला जून महिना आठवला.

कॉलेजने तिला संशोधनासाठी रजा दिली होती ती जूनमध्ये संपत होती. तोवर निबंध छापायला स्वीकारला गेला तर पीएच.डी.चा प्रबंध सादर करता येणार होता. पाकीट आज गेलं तर सगळं वेळेत बसत होतं. नाही गेलं तर खूण मागे लावून प्रथिन नव्याने बनवायचं, पेशी नव्याने वाढवायच्या. त्यालाच पावसाळा उजाडला असता. जूननंतर पुन्हा तास, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणं, आणि प्रयोगशाळा फक्त सुट्टीच्या दिवशी. कमलाकांतने तर दारावर लावायची पाटी रंगवून आणली होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो केमिकल कंपनीत पाळीवर जायचा, तिथल्या बोर्ड रंगवणाऱ्याकडून त्याने गुपचूप करून घेतली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, "डॉ. सौ. वत्सला". ती कपाटामागे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती आणि केर काढताना वत्सलाला सापडली होती. सापडली हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. तो दर महिन्याला सहज विचारल्यासारखं विचारायचा, काय, जूनच ना? आणि ती म्हणायची, जूनच. आता कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. जगात ही शंका फक्त तिच्या डोक्यात होती. एक शब्द बोलली असती तर ती डोक्यातच राहिली असती, आणि पुढे केव्हातरी, दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुणीतरी खूण मागे लावून बावन्न बनवलं असतं.

"मॅडम, आइए," बूथवाला म्हणाला.

खोक्यात घामाचा आणि बिडीचा वास होता. तिने पिशवी फोनशेजारी ठेवली आणि नंबर फिरवला. सबनीसांनीच उचलला. त्यांनी स्वल्पविरामाबद्दल विचारलं. तिने तो सांगितला, का सांगितला ते तिला कळलं नाही, आणि मग म्हणाली, "सर, पेपर पाठवू नका."

"काय झालं?"

"बावन्न तरंगत नाही. आपण त्याला तरंगत ठेवलंय. खूण पुढे आहे, सर. ग्लायसिन टोकाला नाहीच."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. जानेवारीतही ते पंखा लावत. मग त्यांनी सावकाश विचारलं, तुलनेचं प्रथिन? तिने सांगितलं, त्याला खूण नव्हती. पहिली फिल्म? तिने सांगितलं, तळाला सावली होती, आपण घाण म्हटलं. त्यांनी हं केलं. तो हं तिला ओळखीचा होता. एखादं गणित त्यांनी मनात सोडवून संपवलं की यायचा.

"खात्री आहे?"

"नाही. खात्री खूण मागे लावल्यावर होईल. पण हे मनात असताना मला 'पाठवा' म्हणता येणार नाही."

"तुमची रजा जूनमध्ये संपते."

"हो."

"जूनपर्यंत हे होणार नाही."

"नाही होणार."

"आणि मी पाठवलंच तर? पुढे-मागे दुरुस्ती छापता येते."

"तर माझं नाव काढा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घिवलीचा. बंदरावर लिलावात आय बोलते तसा, वर न चढवता पण परत न घेण्याचा. सबनीसांशी ती असं कधी बोलली नव्हती. मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली. मग पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला, जाड कागदाचा, एका लांब ओढीत. पाकीट उघडलं गेलं होतं.

"सोमवारी या," सबनीस म्हणाले. "मागच्या टोकापासून सुरू करू." आणि थोडं थांबून, काहीसं अपराधी, काहीसं उत्सुक होऊन, "तिसऱ्या जागी सिस्टीन आहे ना हो त्याला?"

"आहे, सर," ती म्हणाली आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

घरी जायचं सोडून तिने घिवलीची रिक्षा धरली. कमलाकांतची पहिली पाळी होती, तो चारनंतर येणार. त्याला संध्याकाळी सांगायचं होतं, पाटीसकट सांगायचं होतं, आणि तो जेवताना विचारेल की बावन्नला तोंड आहे हे तुला तीन वर्षं कळलं नाही? आणि दोन दिवस तेच चालवेल, हे तिला ठाऊक होतं. रिक्षात वारा तोंडावर येत होता. किनारा जवळ आला तसा वास आला आणि मग दोर दिसले, भरलेले, उन्हात चमकणारे.

आय, सोजराबाई, ताज्या बोंबलांची पाटी पायाशी घेऊन वलांडीपाशी उभी होती. अवेळी आलेल्या लेकीला तिने आधी वरून खालपर्यंत बघून घेतलं, जावयाची चौकशी केली, प्लास्टिकच्या पिशवीतले मुंडी नसलेले बोंबील हातात घेऊन पाहिले आणि बाजूला ठेवले. वत्सलाने पदर खोचला आणि पाटीत हात घातला.

"लुगडं खराब होल."

"होऊ दे." पहिला मासा निसटला. दुसऱ्याचा जबडा उघडला, पण त्यात घातलेलं तोंड बाहेर घसरलं. दात अंगठ्याला लागले. "आय, माझं चुकलं होतं. तीन वर्षं मी चुकीचंच करत होते."

सोजराबाईने हातातली जोडी दोरावर टाकली. "मग हसतेस कशाला?"

वत्सलाला सांगायचं होतं. चरबीचं सांगायचं होतं, नाळेवरच्या खुणेचं, सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या पकडीचं, आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. तोवर बोटांनी आपलं आपण केलं. जबड्यात जबडा गेला, दात आत वळले, आणि तिने ती ओली, जड जोडी दोराच्या दोन बाजूंना सोडली. हात लगेच काढवला नाही. खाडीकडून वाऱ्याचा झोत आला, सगळी ओळ एकदम हलली. तिने हात काढला. जोडी झुलली, एकदा, दोनदा, आणि राहिली.